शाळेतील पर्यावरण शिक्षण एका दिवसापुरते न राहता वर्षभराचे काम कसे व्हावे?

खडूफळा

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो आणि शाळेच्या पर्यावरण मंडळाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

आमच्याकडे पर्यावरणाचे उपक्रम होत नाहीत असे नाही. जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने वृक्षारोपण होते, फेरी निघते, घोषवाक्यांची आणि चित्रांची स्पर्धा होते, टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन भरते. परीक्षेत ‘पाणी वाचवण्याचे उपाय लिहा’ या प्रश्नाला बहुतेक मुलांना पूर्ण गुण मिळतात. त्याच मुलांच्या वर्गाबाहेरचा हात धुण्याचा नळ मात्र दिवसभर ठिबकत असतो आणि त्यात खटकण्यासारखे काही आहे असे ना मुलांना वाटते, ना मोठ्यांना. उत्तरपत्रिकेतले पाणी आणि नळातले पाणी यांची सांगड बसत नाही, हे मला या विषयाचे मूळ दुखणे वाटते.

१९७७ साली तिबिलिसी येथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग अशा पाच गटांत मांडली गेली. इतक्या वर्षांनंतरही बहुतेक शाळांचा भर पहिल्या दोहोंवरच आहे. कौशल्ये आणि सहभाग म्हणजे नेमके काय करायचे, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही आणि वेळापत्रकात त्यासाठी तासही नसतो.

माझे प्रश्न असे आहेत. वर्षभर चालेल, मोजता येईल आणि एका शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून राहणार नाही असे काम कसे उभे करावे? ते शाळेच्या कुंपणाबाहेर, आसपासच्या वस्तीपर्यंत कसे पोहोचवावे? आणि हे करताना मुलांच्या मनावर भीतीचे किंवा अपराधीपणाचे ओझे पडणार नाही याची काळजी कशी घ्यावी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत जास्त हवे आहे.

पाणवठा

आपण नळाचा उल्लेख केलात, तेव्हा सुरुवात नळापासूनच करावी असे सुचवतो. मी इमारतींमधील पाणीवापराच्या तपासणीचे काम करतो आणि अशा तपासण्या शाळांमध्ये मुलांना सोबत घेऊनही केल्या आहेत. माझा अनुभव असा, की मुलांना पाण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाणी मोजायला द्यावे लागते.

ठिबकणाऱ्या नळाखाली मोजपात्र धरून एका मिनिटात किती पाणी साठते ते मुलांना पाहू द्या. समजा १५ मिलिलिटर साठले. हा आकडा इतका लहान वाटतो की मुले प्रथम त्याकडे दुर्लक्ष करतात. मग त्याला साठने आणि चोविसाने गुणायला सांगा. उत्तर २१,६०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला २१ लिटरांहून अधिक येते आणि वर्षाचा हिशेब जवळपास ७,९०० लिटरांवर जातो. हे गणित मुलांनी स्वतः केलेले असल्यामुळे त्यावर त्यांचा विश्वास बसतो. त्यानंतर कोणीतरी हमखास विचारते, “मग हा दुरुस्त का करत नाहीत?” पर्यावरण शिक्षणाची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते आणि त्याचे उत्तर मुलांना मिळालेच पाहिजे.

न दिसणारी गळती शोधणे हा त्यापेक्षाही रंजक भाग आहे. शौचालयाच्या फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश न करता वाट पाहावी. तेवढ्या वेळात भांड्यात रंग उतरला, तर आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पाणी आवाज न करता वाहून जात आहे हे सिद्ध होते. शाळेला पाण्याचा मीटर असेल तर शाळा सुटल्यानंतर सर्व नळ बंद आहेत याची खात्री करून त्यावरील आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी पुन्हा वाचावा. रात्रभर पाणी कोणी वापरलेले नसताना आकडा पुढे सरकला असेल, तर एक तर पाणी कुठेतरी झिरपते आहे किंवा टाकी भरत राहिली आहे. टाकीचा प्रवेशमार्ग आधी बंद केला, म्हणजे ही दुसरी शक्यता वगळता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधायचे, ही वैज्ञानिक पद्धत सातवी-आठवीतल्या मुलांना इतक्या सहजपणे शिकवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

पावसाचे मोजमापही अवश्य घ्या. सरळ बाजूंच्या कोणत्याही भांड्याचा पर्जन्यमापक होतो, कारण त्यात साठलेल्या पाण्याची उंची हाच पावसाचा आकडा असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे एकदा लक्षात आले की १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास १,००० लिटर पाणी येते, हे मुले तोंडी सांगतात. पक्क्या छतावरूनही सगळेच पाणी हाती लागत नाही, म्हणून हिशेबात साधारण ८०० लिटर धरावेत.

वर्षभराच्या कामाचे म्हणाल, तर एका वर्षी एकच विषय घ्यावा. पाणी, वीज, कचरा, झाडे आणि प्लास्टिक हे सगळे एकदम हाती घेतले की प्रत्येकाची फक्त भित्तिपत्रके होतात. पाण्याचे वर्ष असेल तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी नोंद, एक कायमची नोंदवही आणि त्या वहीची धुरा एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे रीतसर सोपवण्याची पद्धत, एवढे पुरेसे आहे. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहते.

रानवाट

पाणवठा यांनी मोजमापाचे जे सांगितले आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र मूळ प्रश्नातला तिसरा मुद्दा मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून त्यावर लिहिते.

२०२१ साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार तरुणांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात ५९ टक्के तरुणांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते असे सांगितले आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी या भावनांचा आपल्या दैनंदिन जगण्यावर परिणाम होतो असे नोंदवले. हे तरुण कालपर्यंत शाळेत होते. तेव्हा वितळणारे हिमनग, नष्ट होणाऱ्या प्रजाती आणि बुडणारी शहरे यांची चित्रे आठ-दहा वर्षांच्या मुलांसमोर ठेवून ‘आता पृथ्वी तुमच्या हातात आहे’ असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. ज्या संकटाची कारणे त्या मुलाच्या जन्मापूर्वीची आहेत, त्याची जबाबदारी आपण त्याच्या खांद्यावर ठेवतो आणि ते पेलण्याचे एकही साधन त्याच्या हाती देत नाही.

पर्यावरणासाठी आयुष्यभर झटणाऱ्या लोकांमध्ये ही आस्था कुठून आली, याचा अभ्यास लुईझ चावला यांनी नॉर्वे आणि अमेरिकेतील केंटकी येथील कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन केला होता. त्यांत वारंवार पुढे आलेल्या दोन गोष्टी म्हणजे निसर्गात मनमोकळा घालवलेला वेळ आणि निसर्गाकडे प्रेमाने, लक्षपूर्वक पाहायला शिकवणारे घरातले किंवा ओळखीचे मोठे माणूस. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. जे कधी जवळून पाहिलेच नाही त्याच्याविषयी माया कशी निर्माण होणार? म्हणून लहान वर्गांसाठी माझा आग्रह एवढाच असतो, की त्यांना एक झाड द्यावे. नवे रोप नव्हे, शाळेच्या आवारातले जुने, उभे असलेले झाड. वर्षभर महिन्यातून एकदा त्याच्याजवळ जायचे, पालवी, फुले, फळे, पानगळ यांच्या तारखा लिहायच्या, खोडावर कोणते किडे आहेत ते पाहायचे, एका फांदीवरची पाने मोजायची, सालीवर कागद ठेवून पेन्सिलीने तिचा ठसा घ्यायचा. सालीच्या फटीत मुंग्यांची जी रांग चाललेली असते तिचा माग काढताना मुले जमिनीवर अक्षरशः पालथी पडतात आणि तास संपल्याचेही त्यांच्या लक्षात येत नाही. त्या मुलांना वनस्पतींविषयी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

वृक्षारोपणाविषयी थोडे स्पष्ट लिहिते. किती रोपे लावली यापेक्षा तीन वर्षांनी किती जगली हा आकडा शाळेच्या फलकावर असायला हवा. रोप लावण्याआधी ते त्या मातीचे आणि त्या हवामानाचे आहे का, पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होईल, त्याला पाणी कोण आणि कुठून घालणार, याची उत्तरे मुलांनी शोधावीत. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा झाडांसाठी रिकामी असते हाही गैरसमज आहे. गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे आणि तिथे झाडे लावल्याने तिथल्या जीवांचे नुकसान होते. सुट्टीच्या काळातल्या पाण्याची सोय झालेली नसेल, तर रोपे न लावणेच बरे.

मोठ्या वर्गांतील मुलांपासून वास्तव लपवू नये. परंतु प्रत्येक समस्येसोबत तिच्यावर कोण, कुठे, काय काम करत आहे आणि ते कुठवर आले आहे हेही त्याच तासात सांगावे. ओझोनच्या थराचे उदाहरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचा शोध प्रसिद्ध झाला, १९८७ साली माँट्रियल करार झाला, घातक रसायनांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि आज तो थर हळूहळू सावरत आहे. मोजणारे शास्त्रज्ञ, करार करणारी सरकारे आणि बदल स्वीकारणारे उद्योग यांनी आपापली भूमिका बजावली, तर हे घडू शकते, हे मुलांना कळायला हवे.

तळटीप

चर्चा चांगली चालली आहे, पण काही आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप मुलांच्या ‘सहभागा’विषयी आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे, यांना ते सहभाग मानतच नाहीत. मोठ्यांनी लिहिलेले फलक हातात धरून चालणारी मुले या शिडीवर कुठे बसतात, याचा विचार प्रत्येक शाळेने करावा. फेरी काढू नये असे माझे म्हणणे नाही. फेरी कशासाठी, कोणत्या रस्त्याने आणि कोणाकडे काय मागण्यासाठी काढायची, हे ठरवण्यात मुलांचा वाटा असावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर सुचवलेली बहुतेक कामे व्यक्तीच्या सवयींभोवती फिरतात. नळ बंद करा, दिवा विझवा, कचरा वेगळा करा. माहिती आणि कृती यांच्यात जी दरी असते तिच्यावर कोलमुस आणि अग्येमन यांनी २००२ साली लिहिलेला लेख या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. माहिती वाढली म्हणजे वर्तन आपोआप बदलते ही कल्पना तग धरत नाही, कारण सोयी, पैसा, संस्थांची रचना आणि सामाजिक रूढी यांचा वर्तनावर मोठा प्रभाव असतो, हे त्यांनी दाखवले. मुलाला कचरा वेगळा करायला शिकवले आणि दाराशी आलेल्या गाडीत तो पुन्हा एकत्र टाकला गेला, तर ते मूल कोणता धडा शिकेल? मोठी माणसे बोलतात एक आणि करतात दुसरेच, हा. हा धडा अनेक मुले फार लहान वयात शिकतात आणि तो पुसून टाकणे पुढे अतिशय कठीण जाते.

म्हणून माझे मत असे, की शाळेत काहीही मोजण्यापूर्वी मोठ्यांनी एक गोष्ट मान्य करावी: मुलांच्या मोजमापातून जे निष्पन्न होईल, त्याला शाळेचे व्यवस्थापन ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देईल. उत्तर होकारार्थीच असावे असे नाही. ‘या वर्षी निधी नाही, पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद करू’ हेही उत्तर आहे आणि मुलांना त्यातून अंदाजपत्रक म्हणजे काय ते कळते. दुरुस्तीचा निर्णय कोण घेतो, खरेदीची प्रक्रिया काय असते, दरपत्रके का मागवतात, या गोष्टी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा अधिक परिणामकारक रीतीने शिकता येतात.

तिसरी गोष्ट, आणि ती मी तळमळीने सांगतो: मुलांकडून साफसफाई करवून घेणे म्हणजे पर्यावरण शिक्षण नव्हे. शौचालयातला कचरा, सॅनिटरी पॅड, औषधे, फुटलेली काच आणि सुया असलेला मिश्र कचरा मुलांनी हाताळता कामा नये. कचऱ्याचे सर्वेक्षण करायचेच असेल, तर वर्गातल्या कोरड्या कचऱ्यापुरते, हातमोजे घालून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. तसेच शाळेत सफाईचे काम जे करतात त्यांना त्या तासाला सन्मानाने बोलावावे आणि कोणता कचरा त्यांना सर्वांत त्रासाचा होतो ते त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू द्यावे. इमारतीच्या कचऱ्याविषयी त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणालाही नसते आणि पर्यावरण मंडळाच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही.

गांडूळखत

वस्तीला जोडून घेण्याच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण माझे काम सोसायट्या आणि शाळा यांच्यासाठी ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचे आहे.

तळटीप यांचा गाडीचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याचमुळे ओला कचरा ही सुरुवातीला घेण्याजोगी गोष्ट आहे असे मला वाटते. सुका कचरा कितीही वेगळा केला तरी त्याचे पुढे काय होते ते आपल्या हातात नसते. ओल्या कचऱ्याचे चक्र मात्र आवारातल्या आवारात पूर्ण होते: भाज्यांची देठे आणि फळांच्या साली आत जातात आणि काही महिन्यांनी त्याच जागेतून काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास येणारी वस्तू बाहेर येते. जी साल मुलाने स्वतः टाकली तिचे काय झाले हे त्याला पाहायला मिळते.

शाळांमधले खताचे प्रयोग बहुधा एकाच कारणाने बंद पडतात, आणि ते म्हणजे दुर्गंधी. दुर्गंधी आली की तक्रार होते, तक्रार झाली की पेटी हलवली जाते. यामागचे शास्त्र मुलांना शिकवले तर दुर्गंधी येऊ न देणे हाच प्रयोग होतो. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० भागांस १ भाग या प्रमाणात लागतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो आणि वाळलेल्या पानांत कार्बन जास्त असतो. म्हणून एक भाग ओला कचरा टाकला की त्यावर दोन ते तीन भाग कोरडा पालापाचोळा पसरावा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला, पाचोळा वाढवावा. सडल्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, ढीग खालीवर करावा. ओलावा तपासायला उपकरण लागत नाही: मूठभर मिश्रण घट्ट दाबावे, बोटांच्या फटीतून एखादा-दुसरा थेंब यावा, धार लागू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटूही नये. ढीग सुमारे एक घनमीटरचा असेल तर आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. लांब दांड्याचा तापमापक खुपसून रोजची नोंद घेतली आणि आलेख काढला, तर सूक्ष्मजीवांची वाढ आणि घट मुलांच्या डोळ्यांसमोर कागदावर उमटते. लहान पेटी इतकी तापत नाही, पण खत तिच्यातही होते, फक्त सावकाश. शिजवलेले अन्न मात्र सुरुवातीला टाकू नये, उंदीर येतात.

आता वस्तीविषयी. मुले घरी जाऊन आईवडिलांना उपदेश करतील आणि घरे बदलतील अशी अपेक्षा ठेवू नये. उपदेश करणारे मूल कोणालाच आवडत नाही. मात्र मुलांमुळे मोठ्यांचे विचार बदलू शकतात याला आधार आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात १० ते १४ वयोगटातल्या विद्यार्थ्यांना हवामानबदल शिकवून त्याचा पालकांवर काय परिणाम होतो ते तपासणारा अभ्यास २०१९ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पालकांच्या मनात या विषयाची काळजी वाढल्याचे त्यात दिसले आणि वडिलांवर तसेच पुराणमतवादी विचारांच्या पालकांवर हा परिणाम अधिक होता. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की त्या अभ्यासक्रमात मुलांनी पालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आधी विचारायचे, ऐकून घ्यायचे आणि मग बोलायचे, असा तो क्रम आहे.

तोच क्रम वस्तीतही ठेवावा. मुलांनी शेजारच्या वृद्धांना विचारावे की इथे पूर्वी कोणते पक्षी दिसत, पाणी कुठून येई, ओढा असेल तर तो वर्षातले किती महिने वाहत असे. या नोंदींचा एक नकाशा शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावला, की लोक तो पाहायला थांबतात, चुका दाखवतात, भर घालतात. त्यानंतर शाळेतल्या खताच्या ढिगासाठी पाचोळा हवा आहे एवढे सांगितले, तरी जो पाचोळा एरवी जाळला जातो तो शाळेत येऊ लागतो. पाचोळा जाळणे थांबावे यासाठी वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

खडूफळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या विचारपूर्वक उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

रानवाट यांचे जुन्या झाडाचे आणि तळटीप यांचे लेखी उत्तराचे म्हणणे मी मुख्याध्यापकांसमोर मांडले आणि दोन्ही त्यांना पटले. लेखी उत्तरासाठी एक महिन्याची मुदत त्यांनी स्वतःच सुचवली. पहिल्या वर्षासाठी पाणी हा विषय ठरवला आहे.

दोन अडचणी उरतात. आमच्या शाळेला पाण्याचा मीटर नाही. गच्चीवर टाकी आहे आणि ती पंपाने भरली जाते. अशा वेळी रात्रीची गळती कशी मोजावी? दुसरे म्हणजे, या कामाचे मूल्यमापन कसे करावे? याला गुण दिले नाहीत तर पालक ते गंभीरपणे घेणार नाहीत आणि गुण दिले तर पुन्हा प्रकल्पवह्या विकत आणून सजवल्या जातील, अशी मला भीती वाटते.

तळटीप

मूल्यमापनाविषयी: प्रकल्पवहीला गुण देऊच नयेत. त्याऐवजी विज्ञानाच्या किंवा गणिताच्या नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत शाळेच्याच नोंदवहीतला एक तक्ता छापावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. कोणत्या आठवड्यातला आकडा संशयास्पद वाटतो आणि का? या आकड्यांवरून नळ दुरुस्त झाला असे म्हणता येईल का, की त्या आठवड्यात सुट्टी होती? हा निष्कर्ष पक्का करायला आणखी कोणती नोंद हवी होती? ज्याने काम मनापासून केले आहे त्याला ही उत्तरे येतात आणि ती विकतच्या वहीत सापडत नाहीत. पालकसभेतही प्रगतिपुस्तकासोबत ही नोंदवही टेबलावर ठेवावी आणि ती समजावून सांगण्याचे काम मुलांनाच द्यावे.

पाणवठा

मीटर नसला तरी काही बिघडत नाही. टाकी हाच मीटर समजावा. टाकीची आतली लांबी आणि रुंदी मोजून घ्या. समजा ती २ मीटर आणि १.५ मीटर आहे, तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर खाली गेली म्हणजे ३० लिटर पाणी गेले. टाकी गोल असेल तर त्रिज्येच्या वर्गाला पायने (π, सुमारे ३.१४) गुणून तळाचे क्षेत्रफळ काढावे, एवढाच फरक. मात्र बाजू सरळ उभ्या असायला हव्यात. शाळा सुटल्यावर पंप बंद आहे याची खात्री करून काठीने किंवा मोजपट्टीने पातळी घ्या आणि सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी पुन्हा घ्या. गच्चीवर मुलांना एकटे जाऊ देऊ नका, मोजणी मोठ्या माणसाने करावी आणि आकडा मुलांनी खाली उतरवून घ्यावा.

त्याच वेळी पंपाचीही एक नोंद ठेवा. टाकी पूर्ण भरल्यावर पंप आपोआप बंद होतो की कोणाच्या तरी लक्षात आल्यावर बंद केला जातो, ते विचारा. दुसऱ्या प्रकारात टाकी रोज काही मिनिटे वाहत असते आणि ते पाणी गच्चीच्या पन्हळीतून जात असल्यामुळे खालून कोणाला दिसत नाही. माझ्या पाहण्यात शाळांमधली सर्वांत मोठी नासाडी बहुधा इथेच होते, नळांवर नव्हे. पातळी पाहून पंप बंद करणारा साधा फ्लोट स्विच बसवला की ती थांबते. मुलांच्या पहिल्या अर्जात ही मागणी ठेवा आणि सोबत आधीच्या चार आठवड्यांच्या नोंदी जोडा, म्हणजे स्विच बसल्यानंतरच्या नोंदींशी त्यांची तुलना करता येईल.